काचेतलं ऊन

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबा रक्ताचा रिपोर्ट तोंडासमोर धरूनच बोलत होते.

"अहो, ड जीवनसत्त्व पुन्हा कमीच आलंय. रोज उन्हात बसता ना?" आजींनी विचारलं.

"बसतो की. खिडकीला खुर्ची लावून चांगला तासभर."

"काच उघडून?"

"काच कशाला उघडायची? ऊन काय डास आहे, काचेला अडायला?"

"मागच्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, काचेतल्या उन्हाचा उपयोग नाही. तुम्ही तेव्हा मासिकात डोकं घालून बसला होतात."

"मग गच्चीत बसतो."

"गच्चीला कुलूप असतं. सरळ बागेत जा. तुमची सगळी मंडळी बाकावर असतातच."

"म्हणून तर जात नाही. समोरचे दोन दात नाहीत माझे. ते पोस्टमास्तर थट्टा करायला टपूनच बसलेत. दात बसवले की जाईन."

"जबड्याचं हाड मजबूत झाल्याशिवाय डॉक्टर दात बसवणार नाहीत."

"आणि दात बसल्याशिवाय मी बागेत जाणार नाही."

"मग बसा जन्मभर पाव दुधात बुडवून खात."

"बसतो."

"बरं, असं करू. उद्यापासून मी बरोबर येते. बोलायचं ते सगळं मी बोलेन. तुम्ही तोंड मिटून नुसती मान हलवायची. जमेल?"

"न जमायला काय झालं? पन्नास वर्षांचा सराव आहे."