बत्तीसचा व्हॉल्व

(इटलीतलं लुगो गाव. एप्रिल १९६२, शनिवार, सकाळचे दहा. स्वयंपाकघराला लागून मोटरसायकलींचं वर्कशॉप. म्हातारा एर्मेते आणि त्याची बायको आर्जा.)

आर्जा : अरे, हात काढ! एर्मेते, हात काढ त्याच्यावरून, जळतंय!

एर्मेते : काय जळतंय?

आर्जा : तू! तुझा तळहात! वास नाही येत तुला? ओव्हनमधून काढलेलं इंजिनाचं हेड नुसत्या हातानं धरून उभा आहेस. फडकं राहिलंय खांद्यावर. ठेव ते खाली.

एर्मेते : ठेवतो, ठेवतो. आपटायला नको... हां. उगाच ओरडतेस. दुखत नाहीये.

आर्जा : म्हणून तर ओरडतेय. आधी दोन बोटांची टोकं बधिर झाली. मग सगळी बोटं. आता तळहातसुद्धा? कधीपासून?

एर्मेते : थंडीपासून. हळू बोल, शेजारी कान लावून असतात.

आर्जा : चाळीस वर्षं तो ग्राइंडर हातात धरून थरथरत बसलास, दुसरं काय होणार! बादलीत घाल हात. घाल म्हणते ना!

एर्मेते : घातला. हाताचं सोड गं. व्हॉल्व टेकतो ती सीट, ती कडी, कशी बसली बघितलंस? गरम हेडात नुसती सोडली, टक् करून बसली. बत्तीस मिलिमीटरची. आता जरा निवलं की तू आत बोट घाल आणि गुळगुळीत झालंय का सांग.

आर्जा : मी नाही बोट घालणार.

एर्मेते : आर्जा, उद्याच्या शर्यतीसाठी आज पाचला चेर्वियात गाडी तपासणीला उभी राहिली पाहिजे. आपला पोरगा नेव्हिओ येतोच आहे व्हॅन घेऊन. ही काय वेळ आहे का रुसायची?

आर्जा : रुसले नाही मी. गुरुवारी सांगितलं होतं, एक्झॉस्टचा व्हॉल्व एकोणतीसचा आहे तो बास आहे. बत्तीसचा बसवलास तर दोन सीटांच्या मधे धातू उरणार नाही. तू काय म्हणालास? 'तू तुझं पीठ मळ.'

एर्मेते : रागात म्हणालो.

आर्जा : मी मळलं. पडलंय तिकडे.

एर्मेते : अगं, धूर लवकर बाहेर गेला तर गाडी पळणार ना? मोठं दार, मोकळी वाट!

आर्जा : धुराला कशाला मोठं दार? त्याच्या मागे पिस्टन लागलेला असतो, तो ढकलून बाहेर काढतो. आत येणाऱ्या पेट्रोल-हवेला कोण ढकलतंय? तिचे लाड करावे लागतात, जागा तिला द्यावी लागते. हे मला कोणी शिकवलं? तूच ना? बेचाळीस साली, याच टेबलावर?

एर्मेते : शिकवलं असेल.

आर्जा : मग स्वतःच का विसरलास?

एर्मेते : विसरलो नाही. पाया पडू का तुझ्या? उद्या बोलोन्याच्या मोटरसायकल कारखान्याचा माणूस येतोय पोराला बघायला. नेव्हिओ अठ्ठावीसचा झाला. उद्या नाही जमलं तर जन्मभर साखर कारखान्यात बीट धुवत बसेल तो. पुढच्या वर्षी त्याला कुत्रं विचारणार नाही. घाल ना बोट, आर्जा. मला काही लागत नाही. आत लोणी आहे की खडी, मला कळत नाही गं!

आर्जा : ...आण इकडे.

एर्मेते : गरम आहे अजून.

आर्जा : अकराव्या वर्षी रेशीमगिरणीत उकळत्या पाण्यात बोटं घालून कोशाच्या धाग्याचं टोक शोधायचे मी. तुझं हेड काय मला गरम लागतंय! दिवा धर.

एर्मेते : धरला. सांग.

आर्जा : धुराच्या वाटेची वरची बाजू बरी आहे. खाली... खाली वळणावर लाटा आहेत. ग्राइंडर उड्या मारत गेलाय. इथे खड्डा, माझ्या नखाएवढा.

एर्मेते : तो घासून निघेल.

आर्जा : आणि भिंत? किती उरली भिंत?

एर्मेते : उरली असेल. पुढे सांग.

आर्जा : सीटची कड ठीक. दोन सीटांच्या मधे... थांब.

एर्मेते : काय?

आर्जा : नखाला काहीतरी लागतंय.

एर्मेते : धातूचा कीस असेल. पूस.

आर्जा : पुसला. अजून आहे.

एर्मेते : मला तर काही दिसत नाही.

आर्जा : रॉकेल दे.

एर्मेते : रॉकेल कशाला? नाहीये काही. तुला ते हेड नकोच आहे पहिल्यापासून, म्हणून तुला—

आर्जा : एर्मेते. रॉकेल.

एर्मेते : घे. पण खडूची पूड संपलीये.

आर्जा : मग पीठ आणते. पियादीनाच्या पोळ्यांसाठी चाळून ठेवलंय... हं. रॉकेल लागलं, कोरडं पुसलं. आता वरून पीठ. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पिठात उतरेल. फुंकर मारू नकोस.

एर्मेते : बघ. पांढरं शुभ्र. म्हटलं होतं ना मी? जळवायला जन्मली आहेस तू मला.

आर्जा : जरा थांब.

एर्मेते : पांढरंच आहे, आर्जा. किती वेळ बघायचं? पांढरं... नाही. नाही, नाही, नाही.

आर्जा : रेघ उमटली. एका सीटपासून दुसऱ्या सीटपर्यंत. आरपार.

एर्मेते : पूस ते.

आर्जा : पुसून काय होणार?

एर्मेते : पूस म्हणतो ना! अरे देवा. सहा आठवडे. सहा आठवडे घालवले मी ह्याच्यात. आता काय देऊ पोराला? काय तोंड दाखवू?

आर्जा : खाली बस आधी. पडशील.

एर्मेते : का विसरलो विचारलंस ना? तर ऐक. सात वर्षं झाली, नेव्हिओच्या गाडीत तुझं बोट फिरतंय. मी बारमध्ये बसतो, लोक म्हणतात, बोटवाला एर्मेते आला, सरका रे. मी सरकवून घेतो. दारू पाजतात, पितो. आणि घरी येऊन तुला विचारतो, आर्जा, आत कसं आहे गं? वाटलं, एकदा, एकदा तरी माझं हेड असावं त्याच्याखाली. जे तू 'करू नको' म्हणालीस ते करून तो जिंकावा. लाज वाटते सांगायला.

आर्जा : वाटू दे. मला मात्र रडू येतंय, आणि आता रडायला वेळ नाही. टेबलाखाली चिंधीत गुंडाळलेलं जुनं हेड आहे, ते काढ.

एर्मेते : गेल्या वर्षीचं? त्याच्यावर फोर्लीत पाचवा आला तो.

आर्जा : गेल्या वर्षीचं राहिलं नाही ते. तू जेवून झोपायचास ना दुपारी, तेव्हा जानेवारीत मी हात फिरवलाय त्याच्यावर. एक्झॉस्ट एकोणतीसच ठेवला. वाट रुंद नाही केली, नुसती गुळगुळीत केली. जी जागा वाचली ती आत येणाऱ्या बाजूला दिली.

एर्मेते : तू? एकटीनं? ग्राइंडर धरून?

आर्जा : नाही, पाद्रीबाबांना बोलावलं होतं. अर्थात एकटीनं!

एर्मेते : चालवून बघितलंय?

आर्जा : कुठे बघणार? कोणाला सांगणार होते मी? ...आला वाटतं. व्हॅनचा आवाज आहे.

नेव्हिओ : बाबा! झालं का? इंजिन चालूच ठेवलंय, बंद केलं की पुन्हा लागत नाही ह्या बेकरीवाल्याच्या खटाऱ्याचं. आणा हेड. हे पीठ काय सांडलंय सगळीकडे?

एर्मेते : नेव्हिओ, हेड गेलं.

नेव्हिओ : कुठे गेलं?

एर्मेते : तडकलं.

नेव्हिओ : चेष्टा करू नका हं. कुठे तडकलं? ही? ही रेघ? बाबा, ही तर केसाएवढी आहे!

आर्जा : केसाएवढीच असते ती सुरुवातीला.

नेव्हिओ : बावीस फेऱ्या, बाबा. फक्त बावीस. तेवढ्या निघतील. नंतर भट्टीत टाका ते. त्या माणसानं मला एकदा बघू दे, एकदा फक्त!

आर्जा : सीट निसटली तर व्हॉल्व तुटून पिस्टनवर पडेल, इंजिन जागच्या जागी अडकेल. मागचं चाक पण. समुद्राकाठच्या त्या रस्त्याला दोन्हीकडे झाडं आहेत.

नेव्हिओ : आई, तू जरा थांब ना. मी बाबांना विचारतोय. बाबा, तुम्ही बोट घाला आणि सांगा. तुम्ही 'निघतील' म्हणालात की मी बसलो गाडीवर. मला दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही.

एर्मेते : माझ्या बोटाचं काय घेऊन बसलास.

नेव्हिओ : त्याच्यावरच तर बसतो मी! बाकी काय आहे आपल्याकडे? त्या मोनझाच्या पोरांकडे नवीन गाड्या, नवीन टायर. माझ्याकडे तुमचं बोट. प्रत्येक वळणाला मी काय म्हणतो ठाऊक आहे? आत बाबांचं बोट फिरलंय, काही होणार नाही. मोठ्यानं म्हणतो, हेल्मेटमध्ये. घाला ना बोट!

एर्मेते : हा हात बघ.

नेव्हिओ : हे काय! कातडी सोललीये सगळी! आई, डॉक्टर—

एर्मेते : मगाशी गरम हेड धरलं. तुझी आई ओरडली तेव्हा मला कळलं. ओरडली नसती तर हाडापर्यंत गेलं असतं. ह्या बोटांना काही लागत नाही, नेव्हिओ. चोपन्न सालापासून.

नेव्हिओ : चोपन्न? मी पहिली शर्यत पंचावन्नला केली.

एर्मेते : हो.

नेव्हिओ : मग माझ्या हेडांत बोट कोणी... आई?

आर्जा : तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही.

नेव्हिओ : सात वर्षं! सात वर्षं मी दीडशेच्या वेगानं ओरडत चाललोय 'बाबांचं बोट, बाबांचं बोट', आणि तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून गप्प? बारमध्ये हार घालून घेतलेत गळ्यात, बाबा! तेव्हा ही कुठे होती?

एर्मेते : घरी.

नेव्हिओ : लाज नाही वाटली?

एर्मेते : वाटली. रोज. पण सांगितलं असतं तर मी कोण उरलो असतो? ...आता सांगतोय, कारण तू ह्या तडकलेल्या हेडावर बसायला निघालास. आणि मला दुसरा मुलगा नाही.

आर्जा : ओरडून झालं असेल तर इकडे बघ. हे दुसरं हेड. मी केलंय. व्हॉल्व घासून बसवलेत, तिथे जाऊन चार नट आवळायचे.

नेव्हिओ : हे कधी चाललंय?

आर्जा : नाही.

नेव्हिओ : वा! एक तडकलेलं, एक कधीच न चाललेलं. छान दिवस आहे. आई... तू बोट घाल त्याच्यात. माझ्यासमोर.

आर्जा : घातलं.

नेव्हिओ : काय लागतंय?

आर्जा : काही नाही. काहीच लागू नये, तसं आहे.

नेव्हिओ : जिंकेन मी?

आर्जा : ते मला विचारू नकोस. घरी येशील.

नेव्हिओ : ...बरं. द्या ते. बाबा, चला, बसा व्हॅनमध्ये. हाताला वाटेत पट्टी बांधू.

एर्मेते : मी नाही येत. ती मेकॅनिकची दंडाची पट्टी आणलीस?

नेव्हिओ : ही काय. एकच मिळते, एकालाच सोडतात आत. तुमचं नाव दिलंय मी.

एर्मेते : तिच्या दंडाला बांध.

आर्जा : माझ्या? वेडा झालास का? मी कधी शर्यत बघितलेली नाही. तिथे जाऊन मी काय करू?

एर्मेते : जे इथे करतेस तेच. सरावाच्या फेऱ्या झाल्या की हेड खोलायचं, बोट घालायचं, सांगायचं. फक्त तिथे सगळ्यांसमोर.

आर्जा : हसतील सगळे. एप्रन घातलेली म्हातारी बघून.

एर्मेते : हसू देत. कोणी विचारलं बोटवाला कुठे आहे, तर नेव्हिओ, तू सांगायचं. नीट सांगायचं. बारमध्ये मी सांगेन.

नेव्हिओ : बाबा, तुम्हाला जमेल ते?

एर्मेते : नाही जमणार. पण सांगेन. जा आता, उशीर होतोय. तिला पुढे बसव, हेड तिच्या मांडीवर दे.

आर्जा : एर्मेते, बादलीतून हात काढू नकोस इतक्यात. पीठ मळलेलं आहे, शेजारच्या नेल्लाला सांग, ती भाजून देईल. तू तव्याजवळ जाऊ नकोस.

एर्मेते : बरं.

आर्जा : ओव्हन अजून तापलेला आहे. तिकडेही नको.

एर्मेते : नाही जात. आर्जा, रात्री आलीस की मला सांगशील, आत कसं होतं ते?