कागदावरचा चौथा प्रश्न

हॅलो?… हो आई, बोल… नाही, कामावरच आहे. मशीनचा आवाज येतोय तो. थांब, बंद करते… हं, आता बोल.

टॅबलेटला काय झालं?… काही नाही झालं? मग?… प्रश्न विचारायचेत. कागदावर लिहून काढलेस? किती आहेत गं?… सात. आई, दुपारी हॉटेलचे पडदे न्यायला माणसं येतायत. अकरा पडद्यांच्या खालच्या कडा शिवायच्या राहिल्यात, आणि मालकीणबाई डोक्यावर उभ्या आहेत… बरं, विचार. पण पटापट.

एक… हो, चार्जिंगला लावून वापरला तरी चालतो… नाही गं, स्फोट कसला होतोय. शेजारच्या काकूंचं काही ऐकू नकोस.

दोन… ओल्या फडक्याने नाही, कोरड्या… साबण लावलास? आई, तो काय ओटा आहे?… चालतोय ना? मग झालं तर.

तीन… अक्षरं मोठी करायची. घे हातात. ते दातेरी चाक दिसतंय?… हो, हो… अगं ऐक ना, दाबून धरू नकोस, नुसतं बोट टेकव. आता डिस्प्ले… सरकव उजवीकडे… झाली ना मोठी?

हो बाई, आलेच… तुला नाही गं, इकडे बोलले. पुढचा सांग.

पाच?… चार कुठे गेला?… महत्त्वाचा नाही, मग लिहिलास कशाला?… नाही, आधी चारच. वाच बघू.

…फोटो लावून ठेवला की थोड्या वेळाने अंधार होतो, तो होऊ नये म्हणून काय करायचं. एवढंच? यात काय लपवायचं… कुठला फोटो?… माझा?

बाबा बोलतात त्याच्याशी… रोज?… विसरतात ते ठाऊक आहे गं मला, पण इतकं… आणि अंधार झाला की?… मी उठून गेले असं वाटतं त्यांना. मग शोधायला निघतात… परवा कुठे सापडले?… चौकाच्या पलीकडे. आणि हे तू मला आज सांगतेस.

म्हणजे अंधार होऊ नये म्हणून दिवसभर शेजारी बसून तू स्क्रीनला बोट लावत असतेस… मग आंघोळीला कधी जातेस?… ते झोपले की. आणि डोळे तपासायला जायचं होतं, त्याचं काय झालं?… वाटलंच मला.

नाही, तुझ्यावर नाही चिडले. माझ्यावरच चिडलेय. महिना झाला, पाऊल ठेवलं नाही मी घरात… कामाचं राहू दे. तिथेच खाली बघ, स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी ते असेल… तीस मिनिटं? त्याच्या पुढे काहीच नाही?… मग अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

फोटो राहू दे, आई. मी व्हिडिओ कॉल लावते. हिरवं बटण दाब, टॅबलेट त्यांच्यासमोर उभा कर आणि तू खुशाल आंघोळीला जा. मी फोन इथे रिळांना टेकवून ठेवते. मी शिवत बसेन, ते बघत बसतील… बाईंना काय बोलायचं ते बोलू देत. आणि संध्याकाळी मी येतेच राहायला.

उरलेले तीन तेव्हा… थांब. टॅबलेट तुझ्या हातात आहे ना?… मग बाबांसमोर आत्ता काय आहे?… आई, बाबा कुठायत?

…दारात? चप्पल घालतायत?… ठेव, ठेव फोन. आधी कडी लाव. त्यांना म्हणावं, दोन मिनिटं बसा, ती येतेय.