बरं वाटतंय ना, मग गोळी कशाला?

नाही हो, शत्रूला गोळी घालणं एकवेळ सोपं असेल, पण बापाला गोळी खायला लावणं? तुम्हाला सांगते, जीव मेटाकुटीला आलाय! आमचे बाबा शिंपी, जन्मभर लोकांची मापं घेतली, पण ह्यांचं रक्ताचं प्रेशर कुणी मोजायचं नाही! ते असं चढलेलं की डॉक्टर यंत्राकडेच संशयानं बघायला लागले, आणि ह्यांचं आपलं एकच, "बरं वाटतंय ना, मग गोळी कशाला?" बरं, एखाद्या दिवशी डोकं धरून बसले म्हणून म्हणावं, "बाबा, आता तरी घ्या," तर म्हणे, "छे, आज बरं वाटत नाहीये, आज नको!" ...आता बोला!

मोबाईलवर गजर लावून दिला, तर मोबाईलच बंद! वारांच्या खणांची डबी आणली, तर तिच्यात बटणं! सोमवारी पांढरी, मंगळवारी काळी! आणि गोळ्या? "मशीनच्या खणात आहेत की, पळून जातायत थोड्याच? बरं वाटतंय ना, मग..." हो बाबा, कळलं!

शेवटी परवा कापड कापता कापता चक्कर आली. नेलं ओढत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" बाबा छाती फुगवून, "अगदी! एक दिवस चुकत नाही!" मी मागून नकारार्थी मान हलवतेय, खुणा करतेय... डॉक्टर लिहिण्यात गर्क! "असं? मग डोस वाढवू." अहो, मी म्हटलं, "डॉक्टर, हे घेतच नाहीत!" तर बाबा, "हिचं लक्ष कुठे असतं घरात!" ऐकलं कुणाचं? सांगायला हवं?

आणि बाबा मनातून घाबरलेले हो! दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले, तर जन्मात पहिल्यांदा, आपण होऊन, शहाण्या बाळासारखी ती नवी जबर गोळी घेतली! प्रेशर धाडकन खाली! बाहेर येते तर बाबा जमिनीवर आडवे, हातपाय गार... देवाशप्पथ, म्हटलं, नको ती गोळी नि नको ते औषध, फक्त डोळे उघडू देत!

उघडले. हॉस्पिटलच्या खाटेवर. आणि पहिलं वाक्य? "बघ! बरं वाटत होतं, गोळी घेतली, आणि पडलो!"

आता पुरावाच मिळाला हो त्यांना! शेजारच्या खाटेवरचे आजोबा कान टवकारून ऐकत होते. नर्सची पाठ वळली तशी त्यांनी गालातली गोळी हळूच काढली, उशीखाली सारली, आणि माझ्याकडे बघून हसले.

मी त्यांची उशी नीट करून दिली.