वाटीखालचा चिंचोका

तुमाला किती बी चहा पाजा, जुनं उकरल्याबिगर तुमचं भागत न्हाई. ऐका मग.

इंग्रज जायच्या आधीची गोष्ट. मी दुसरीतनंच शाळा सोडली, पण लेकीसाठी, हौसासाठी, एक खेळ काढला व्हता. दहा भाजलेले चिंचोके घ्यायचे, काही वाटीखाली झाकायचे, बाहेरचे बघून आतले सांगायचे. पोरगी कधी चुकायची न्हाई.

वाईचा मेव्हणा आला, तवा मी तिला शाळेत घालायचं काढलं. तो म्हणाला, "दाजी, पोरीच्या जातीला शाळा कशाला? ह्या चिंचोक्याच्या खेळात तिला मला हरवू दे, मग घाला." बायको भावाच्या शब्दाबाहेर न्हवती. आली का पंचाईत.

त्यानं पाठ फिरवून वाटी पालथी घातली. बाहेर चार चिंचोके.

"सहा," हौसा म्हणाली.

वाटी उचलली, तर खाली पाच. बायको म्हणाली, "बघा, चुकलीच."

एरवी अखंड बडबडणारा मेव्हणा नुसता मान हलवीत व्हता. हौसानं त्याच्याकडं टक लावून बघितलं.

"मामा, एक शब्द बोला की."

त्यानं दात आवळले, आन् तोंडातला चिंचोका कडकन फुटला.

दुसऱ्या दिवशी मी सोता पोरीला शाळेत बसवून आलो. पुढं त्याच शाळेत ती मास्तरीण झाली. पण "पोरी, मी चुकलो" एवढं म्हणायचं अजून ज्याच्याकडं राहिलंय, तो मेव्हणा म्हंजी हा तुमच्यात चहा पीत बसलेला शिरपती.