मुठीत ठेवायची नोट

भाईंदर पश्चिमेला परदेशी चलन बदलून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे रांगेत साठीचे नवरा-बायको उभे होते.

"वैजयंता, संघप्रिया फोनवर काय म्हणाली? हॉलंडमध्ये सगळीकडे कार्ड चालतं. रोख शंभर युरो घेऊ, बास झाले."

"अहो, आणि जुळ्या नातींच्या हातावर काय ठेवायचं?"

"त्यांच्या नावाने ऑनलाइन टाकू की."

"सात महिन्यांच्या पोरी आहेत त्या. आजी पहिल्यांदा भेटतेय, मुठीत नोट नको?"

"मुठीत दिलीस की थेट तोंडात घालतील."

"घालू देत. आजीचीच आहे."

"बरं बाई. मग पन्नासच्या दोन नोटा वेगळ्या घेऊ. आता खूश?"

"दोन नाही, तीन घ्या."

"तिसरी कुणाला? जावई तर घेणार नाहीत."

"संघप्रियाला. ती आई झाल्यापासून मी तिलाही कुठे बघितलंय?"

 ते हसून काउंटरवरच्या मुलीकडे वळले.

"बेटा, सौ युरो तो देना ही, और पचास के तीन नोट अलग से. एकदम कडक वाले."