फेरिक क्लोराइडची टाकी

लेक : बाबा, आधी खाली बसा. येरझारा घालत सूत्रं लिहिता येत नाहीत.

बाबा : कान इकडेच आहेत माझे. तू विचार.

लेक : तुरटी. तुम्ही प्लांटवर तिला तुरटी म्हणता, परीक्षेच्या पेपरात ॲल्युमिनियम सल्फेट लिहून येईल.

बाबा : एएल, एसओ चार.

लेक : पुढे?

बाबा : पुढे काय, झालं.

लेक : कसं झालं? ॲल्युमिनियमवर धन तीन, सल्फेटवर ऋण दोन. बेरीज शून्य यायला नको? वरचे आकडे तिरके खाली उतरवायचे. काल डोळे मिटत होते तरी उतरवलेत.

बाबा : एएल दोन. एसओ चार, तीन.

लेक : आणि कंस? कंस नाही घातला तर चार-तीन शेजारी बसून त्रेचाळीस होतात. त्रेचाळीस ऑक्सिजन, बाबा.

बाबा : होऊ देत. शहराला पाणी पाजताना कधी कंस लागला नाही मला.

लेक : आज बारा वाजता लागणार आहे. तो नळ बंद करा ना, उगाच काय सोडताय. आता फेरिक क्लोराइड.

बाबा : एफई, सीएल दोन.

लेक : ते फेरस. लोखंड तेच, पण फेरसवर धन दोन असतो, फेरिकवर तीन.

बाबा : बरं, चुकलं.

लेक : नाही. चुकलं नाही. परवा हेच मी चुकले, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, फेरिकची टाकी रोज बघतो, तीन आहेत त्यात. आज दोन कसे झाले?

बाबा : डोक्यात राहत नाही या वयात.

लेक : बाबा, तुम्ही मुद्दाम चुकताय. आणि खिडकीशी का जाताय सारखे? कुणी यायचंय का?

बाबा : कोण येणार. वारा घेतोय.

लेक : माझ्याकडे बघून सांगा.

बाबा : अगं, सराव करतोय मी. चुकायचा. सगळंच चुकलं तर साहेबांना संशय येईल. सोपं सोपं बरोबर लिहायचं आणि नेमकी दोन-चार सोडायची, हे काही वाटतं तितकं सोपं नाही.

लेक : मग महिनाभर मला कशाला राबवलंत? माझी स्वतःची परीक्षा बाजूला ठेवून बसले मी रोज.

बाबा : तेव्हा ठरलं नव्हतं. रविवारी भोंग्याला बघून आलो, तेव्हा ठरलं.

लेक : भोंगाकाका बरे आहेत म्हणालात तुम्ही.

बाबा : तुझ्या आईसमोर म्हणालो. पंपांच्या घरघरीत या टोकाची हाक त्या टोकाला पोचवायचा तो, म्हणून तर भोंगा. रविवारी समोर बसून बोलत होता आणि मला कान पुढे करावा लागला. मध्येच थांबतो, श्वास गोळा करतो, मग उरलेलं वाक्य बोलतो. पाणी आणून दिलं तर हातानेच नको म्हणाला.

लेक : पण तुमच्या नापास होण्याने त्यांचा श्वास कसा मोकळा होईल?

बाबा : तुरटी-फेरिकच्या औषधघरात आता एकच माणूस ठेवणार आहेत. जो पास होईल तो. दुसरा पाइपलाइनवर, खोदकामाला. तो कुदळ उचलेल का? मी उचलीन. हिशेब सरळ आहे.

लेक : आईला सांगितलंत?

बाबा : ती कामावर गेली की सांगणार होतो.

लेक : ती गेल्यावर कुणाला सांगणार होतात, भिंतीला?

बाबा : हे बघ, औषधघरात धूर झाला त्या दिवशी पाळी माझी होती. तुझ्या शाळेत यायचं होतं म्हणून मी त्याच्याशी बदलून घेतली. टँकरवाल्याने पाइप भलत्या टाकीला जोडला तेव्हा व्हॉल्व्ह बंद करायला आत धावला तो. मी असतो तर मी धावलो असतो.

लेक : म्हणजे माझ्यामुळे.

बाबा : असं म्हणालो का मी? असं मनातही आणू नकोस. ... बघ, बेल वाजली. तू बस, मी उघडतो. — अरे! भोंग्या, तू? जिने चढून आलास?

काका : लिफ्ट... बंद आहे तुमची.

बाबा : निरोप धाडायचा, मी आलो असतो. ये, टेक आधी. अगं, पाणी आण.

काका : पाणी नको. पंखा लाव. ... हं. अभ्यास चाललाय वाटतं.

लेक : चालला होता, काका. आता चुका कशा करायच्या ते चाललंय.

बाबा : तू गप्प बस.

काका : तिला कशाला गप्प करतोस? मला वासच आला होता. रविवारी निघताना माझा हात सोडेना हा. तुझ्या बापाने लग्नातसुद्धा माझा हात असा धरला नव्हता, पोरी.

बाबा : हे बघ, माझं ठरलंय. तू तेवढा पेपर लिही. तुला तर माझ्यापेक्षा जास्त येतं.

काका : येतं. म्हणून तर आलो. ... ऐक आता, मध्ये बोलू नकोस, मला परत सुरुवात करावी लागते. मी सोमवारी प्लांटवर गेलो होतो. गेटपर्यंत ठीक होतं. औषधघराच्या दाराशी गेलो आणि पाय पुढे पडेना. आत काहीच नव्हतं, झाडूनपुसून लख्ख. तरी मला तो पिवळट धूर दिसत होता. परत फिरलो आणि भिंतीआड ओकलो.

बाबा : बोलला नाहीस तू.

काका : काय बोलू? आणि तू नापास होऊन मला त्याच खोलीत कोंडणार. रोज. पेन्शनपर्यंत. कुदळ परवडली त्यापेक्षा.

बाबा : मग तू काय करणार?

काका : साहेबांना सांगून आलो, मी पेपरला बसत नाही. गेटवर बसवा म्हटलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते माझं मी बघीन. पण तूही नापास झालास तर बाहेरचा माणूस येईल, आणि त्याला कुठली टाकी कशाची हे कळेपर्यंत आणखी कोणीतरी आत धावेल.

बाबा : म्हणजे पेपर मीच लिहायचा.

काका : किती वाजले?

लेक : निघायची वेळ झालीय, बाबा.

बाबा : पेन कुठाय माझं?

लेक : खिशात. फेरिक क्लोराइड?

बाबा : एफई, सीएल तीन. 

लेक : तुरटी?

बाबा : एएल दोन, कंसात एसओ चार, कंसाबाहेर तीन. येतं मला, नको विचारूस आता. भोंग्या, तू असाच जाऊ नकोस. मी आल्यावर जिना उतरवून देतो.

काका : जा रे तू.

(दार लागल्याचा आवाज. जिन्यावरून उतरणारी पावलं.)

काका : लिहील ना बरोबर?

लेक : लिहितील. चहा टाकू?

काका : थांब जरा. मला एक सांग. त्या टाकीत फेरिक होतं, ते ठाऊक आहे. टँकरमधून जे आलं, त्याचं पूर्ण नाव काय? आम्ही नुसतं हायपो म्हणायचो.

लेक : सोडियम हायपोक्लोराइट. एनए, ओसीएल. सोडियमवर धन एक, दुसऱ्यावर ऋण एक, म्हणून खाली आकडा नाही. पाण्यातले जंतू मारतं तेच. पण फेरिक क्लोराइडचं पाणी आंबट असतं, म्हणजे आम्ल. त्यात हे पडलं की क्लोरीन वायू सुटतो.

काका : म्हणजे मी आत घेतला तो क्लोरीन.

लेक : हो, काका.

काका : दोन्ही नावांत तो आहेच की. क्लोराइड, क्लोराइट.

लेक : आहे. पण नावात असतो तेव्हा बांधलेला असतो. तसा वायू होऊन छातीत जात नाही.

काका : हं. हे सगळं एका कागदावर लिहून दे मला. मोठ्या अक्षरात. डॉक्टर दर खेपेला विचारतात, नक्की काय गेलं आत, आणि मी आपला सांगतो, वास होता.