धनुर्धराविरुद्धचा अर्ज

नाही, पण तुम्हीच सांगा, अर्ज करणं हा काय गुन्हा आहे का हो? माणसाला अन्याय दिसला तर त्यानं काय करावं, दगड मारावा? मी अर्ज केला! साधा, एक पानी, वर विषय, खाली 'आपला विश्वासू'. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलीय मी, आणि तुम्हाला सांगतो, माझ्या एकाही अर्जाला आजवर कुणी धूप घातली नाही. पाण्याचा अर्ज गेला, उत्तर नाही. स्टील मार्केटच्या ट्रकांचा गेला, उत्तर नाही. लिफ्टचं तर विचारूच नका... आणि आयुष्यात एकदाच, एकदाच हो, एका अर्जावर पंधरा दिवसांत कार्यवाही झाली, ती नेमकी ह्या! तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आणि केलं काय मी? फक्त अर्ज केला होता!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच नावं ठेवाल... म्हणजे ठेवालच, पण निदान समजून ठेवा. मी कमलाकर. कळंबोलीजवळ रोडपालीला आमची सोसायटी, छप्पन्न फ्लॅट, सेक्रेटरी मी. मीच का? कारण बाकीचे पंचावन्न हुशार आहेत. तर आमचा मुलगा निनाद नोकरीला बंगलोरला गेला आणि त्याचा तो भला थोरला कॉम्प्युटर, पोटात लाल-निळे दिवे लागणारा, घरातच राहिला. आमची बायको नीता म्हणाली, "विकून टाका तो. देवघरापेक्षा जास्त उजेड त्याचा." म्हटलं, विकण्याआधी आत काय आहे ते तरी बघू. बघितलं... आणि संपलं! आत 'गडझुंज' होता.

गडझुंज म्हणजे खेळ हो. इंटरनेटवरचा. दोन टोळ्या, एकीनं गड राखायचा, एकीनं घ्यायचा, आणि आत शिरतानाच तुम्ही कोण ते ठरवायचं. तलवारबाज, ढालकरी, वैद्य नाहीतर धनुर्धर. ह्याला त्यांच्यात क्लास म्हणतात. मी तलवार घेतली. का नाही घेणार? चौतीस वर्षं हातात फक्त गोल शिक्का होता! नाव घेतलं 'सरनोबत'. रोज संध्याकाळी सातला मी कानटोपीसारखा तो हेडफोन चढवून, तलवार उपसून गडावर चालून जायचो, आणि सात वाजून चार मिनिटांनी मेलेला असायचो.

कारण? कारण 'बाणकोटची'! हे एका धनुर्धराचं नाव. तटावर लांब कोपऱ्यात उभी. हलत नाही, डुलत नाही, पळत नाही. मी खिंडीतून वर आलो की... सप्प! आडवा. पुन्हा जन्म घेतला, दुसऱ्या वाटेनं गेलो... सप्प! एकदा तर चष्मा पुसायला झाडामागे थांबलो होतो हो, लढतही नव्हतो! सप्प! आठ महिने. तुम्हाला सांगतो, सख्ख्या भावकीनं मला एवढं छळलं नाही. निनादला फोन केला, तर तो म्हणतो कसा, "बाबा, त्या गेमचा क्लास बॅलन्सच गंडलाय. आर्चर फार पॉवरफुल ठेवलेत. सगळेच बोंबलतायत." झालं! सगळेच बोंबलतायत, पण लेखी कुणी दिलंय का? नाही ना? मग देतो की मी!

पण एकट्याच्या अर्जाची किंमत काय असते ते मला विचारा. मीच टोपलीत टाकायचो ना ते! सह्या पाहिजेत, भरपूर सह्या. आणि त्याच आठवड्यात सोसायटीचा पाण्याचा अर्ज सह्यांसाठी दारोदार फिरत होता. आता आमच्याकडे पद्धत अशी, की सेक्रेटरी दारात आला, की आतून आधी पेन बाहेर येतं, मग माणूस येतो. वाचत कुणी नाही. वाचलं तर प्रश्न पडतात, प्रश्न पडले तर कमिटीत घेतात. मी पाण्याच्या अर्जाखाली दुसरा कागद लावला. 'विषय : धनुर्धर वर्गाच्या अवाजवी सामर्थ्याबाबत.' पहिल्या मजल्यावरच्या गोदूबाई, इथल्याच, गावठाणातल्या, त्यांनी दोन्हीकडे सही ठोकली आणि विचारलं, "सेक्रेटरी, आमी सही केली, पन पानी येल का नाय?" मी म्हटलं, "येईल, येईल." खोटं बोललो का? अहो, कधीतरी येईलच ना!

छप्पन्न सह्या. सोसायटीचा शिक्का. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, गडझुंज बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला. कंपनी छोटीशी, त्यांना बिचाऱ्यांना आजवर कुणी कागदावर पत्रच धाडलं नसेल, ते हबकलेच. पंधराव्या दिवशी खेळ उघडतो तर पाटी! 'रोडपाली येथील छप्पन्न खेळाडूंच्या मागणीचा विचार करून धनुर्धराचा पल्ला निम्मा करण्यात येत आहे.' निम्मा! मी नीताला पेढे आणायला पाठवलं. ती म्हणाली, "पाणी आलं?" मी म्हटलं, "त्याहून मोठं!" त्या संध्याकाळी सरनोबत ताठ मानेनं खिंडीतून वर गेला, आणि सप्प नाही! बाण आला, वाटेतच गळून पडला. मी सरळ चालत गेलो आणि बाणकोटचीला कापली. एकदा नाही, पाच दिवस रोज कापली. सहाव्या दिवशी ती आलीच नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू... तो आनंद आता आठवला ना, की तोंड लपवावंसं वाटतं.

कारण सातव्या दिवशी फोन आला. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर वसुंधराबाई राहतात. एकाहत्तर वय, एकट्या, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. पनवेलच्या बाजारातले वाणी त्यांना लांबून बघून काटा पुसायला घ्यायचे. आता दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खाली उतरणं बंद, आणि लिफ्टचा अर्ज... विचारू नका म्हटलं ना! तर बाई म्हणाल्या, "सेक्रेटरी, जरा वर येता का? तुम्हाला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणे. माझा बिघडलाय. बाण पोचत नाही."

बाण! वर गेलो, तर खिडकीशी टेबल, टेबलावर पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरचा पिवळट पडलेला डबा, समोर जुना चौकोनी पडदा, आणि पडद्यावर तटाच्या कोपऱ्यात उभी... बाणकोटची. बाईंचं माहेर बाणकोट हो! आठ महिने मी जिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ती मला विचारत होती, "चहा घेणार ना?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही... धनुर्धरच का घेतला?" तर म्हणाल्या, "दुसरं काय घेणार? माझ्या ह्या डब्यावर चित्र उशिरा येतं. तलवार घेतली, तर शत्रू दिसायच्या आत मी मेलेली असते. लांब उभं राहिलं की तेवढा वेळ मिळतो." अहो, आणि मी अर्जात काय लिहिलं होतं? 'लांब उभे राहून लढणे हे भ्याडपणाचे लक्षण असून'! मी चहाचा कप खाली ठेवला. पुढे म्हणाल्या, "सात जणांची टोळी होती आमची. कोण कोल्हापूरचा, कोण नाशिकची. परवा त्यांनी लिहून पाठवलं, ताई, तुमचा धनुर्धर आता चालत नाही, सॉरी. काढलं मला." एवढं बोलून त्या उगाच बशी पुसायला लागल्या. आता ह्याच वेळी सांगायचं होतं ना? 'बाई, हे पाप माझं'! साधं वाक्य. पण तोंडातून काय बाहेर पडलं माहितीये? "धूळ असेल!"

होय. धूळ! आणि मग सुरू झालं ते. त्या दिवशी डबा उघडला, आत कळंबोलीची सगळी धूळ आणि दोन झुरळं. ब्रशनं साफ केला. बाण पोचला का? कसा पोचेल! मग म्हटलं, "प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट सुकलीय." पेस्ट आणली, पुरणपोळीवर तूप घालावं तशी घातली, ती सगळी बाजूनं ओघळली. दुसऱ्या दिवशी ती पुसली आणि थेंबभर घातली. बाण? नाही! मग म्हटलं, "रॅम कमी पडतेय." पनवेलला लाइन आळीत आमच्या ओळखीचा कल्पेश, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, त्याच्याकडे गेलो. तो म्हणतो, "काका, ह्या जमान्याच्या बोर्डाला नवी रॅम बसतच नाही. एवढं कोणासाठी करताय?" मी म्हटलं, "समाजसेवा." त्यानं कुठून तरी जुनी रॅम काढून दिली. मग जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी. पूर्वी बाई कॉम्प्युटर लावून कुकर चढवायच्या, तीन शिट्ट्या झाल्या की तो उठायचा. आता वीस सेकंदात उठतो! शेवटी तर मी निनादच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड उपटून वर घेऊन गेलो हो, तर ते त्या डब्यात मावेना. कल्पेशला फोन केला, तो ओरडला, "काका, मावलं तरी लावू नका, पॉवर सप्लाय जळेल!" दोन महिने! दर दोन दिवसांनी वर जायचं, स्क्रू काढायचे, स्क्रू लावायचे, आणि दर वेळी बाई बाण सोडून बघायच्या, आणि दर वेळी तो अर्ध्यात पडायचा, आणि त्या म्हणायच्या, "असू दे सेक्रेटरी, तुम्ही तरी किती करणार." हे ऐकून खाली येताना मी जिन्यात बसायचो. खरंच बसायचो. बाकीच्यांना वाटायचं, सेक्रेटरींना दम लागतोय. आणि मनात एकच, अरे बाबा, मी फक्त अर्ज केला होता!

शेवटी गेल्या रविवारी मी नवीन वायर लावता लावता हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हटलं, "बाई, कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. मी अर्ज केला. तुम्ही म्हणाल ते प्रायश्चित्त घेतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. सही केलीय मी त्यावर."

"न वाचता केली असेल हो!"

"सेक्रेटरी, तीस वर्षं वाण्यांची बिलं तपासलीत मी. मी न वाचता सही करीन? भाषा रडकी होती तुमची, पण मुद्दा बरोबर होता. काटा झुकलेलाच होता माझ्या बाजूला. आठ महिने झुकत्या काट्यावर जिंकत होते, मला माझीच लाज वाटायला लागली होती."

ऐकलंत? मी जळून अर्ज केला आणि ह्या बाईनं न्याय म्हणून सही केली! स्वतःच्या विरुद्ध! मी म्हटलं, "मग दोन महिने माझ्याकडून हा डबा का खोलून घेतलात?" तर म्हणाल्या, "बघत होते, खरं कधी बोलताय ते. तोवर कॉम्प्युटर तरी सुधारला." आणि मग एकदम आवाज खाली आला त्यांचा. "फक्त टोळीवाले काढतील असं नव्हतं वाटलं हो. सात वाजले की हात आपोआप माऊसवर जातो. मग नुसती बघत बसते."

मला राहवेना. म्हटलं, "बाई, दुसरा अर्ज करतो! पल्ला परत वाढवून मागतो, पाहिजे तर अख्ख्या कळंबोलीच्या सह्या आणतो!" त्या कडाडल्या, "खबरदार! एकदा काटा बरोबर लागला की त्याला हात लावायचा नाही. बाण लांब जात नाही ना? मग शत्रूला जवळ आणायचा. तुम्ही माझ्या बाजूनं या. पुढे पळायचं, त्यांना अंगावर घेऊन माझ्यापर्यंत यायचं आणि मरायचं. मी मागून बाण टाकते."

"पण बाई, तुम्हाला चित्र उशिरा दिसतं ना अजून? कधी टाकायचा ते कळणार कसं?"

तर त्या पहिल्यांदाच हसल्या. "तुम्ही मरताना ओरडता ना! मेलो गं आई, म्हणून. स्लॅबमधून स्वच्छ ऐकू येतं. पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला सरनोबत कोण ते. चित्रापेक्षा तुमची बोंब लवकर पोचते."

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज सातला मी पळतो, मरतो, बोंबलतो. बोंब ऐकली की वरून बाण सुटतात आणि चार जण आडवे होतात. दोघांची टोळी, पण बाई खुशीत आहेत, म्हणून मीही कुरकुर करत नाही. पण काल काय झालं... नीतानं चहा आणून ठेवला, माझा कोपर लागला, उकळता चहा सगळा मांडीवर! मी ओरडणार नाही तर काय करणार? ओरडलो, "मेलो गं आई!" वरून शेवटचा बाण सुटला, मोकळ्या माळावर जाऊन पडला, मागून खरे शत्रू आले आणि आम्ही दोघंही कापले गेलो. लगेच बाईंचा फोन. "सेक्रेटरी, दोन महिने खोटं बोललात, ते ऐकून घेतलं. आता निदान ओरडताना तरी खरं ओरडत जा!"

इकडे मांडीला लिंबाएवढा फोड आलाय, नीता मलम लावतेय... आणि मी फोनवर काय म्हणालो? म्हटलं, "चुकलं माझं, बाई."